तिसऱ्या आग्रहाची वाट पाहणारा

ग्रोविकमध्ये वालफ्रिड ब्रॉटइतकं देखणं 'नको' दुसऱ्या कुणाला म्हणता येत नसे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी कला असते. कुणी जाळं विणतो, कुणी खाणीत दगड फोडतो. वालफ्रिडला नकार येत होता. पहिलं 'नको' तो दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून, टोपी हातात धरून म्हणे, "छे छे, मी आपला उभ्याउभ्या आलो." दुसरं खुर्चीच्या कडेवर टेकून, "कशाला उगीच चूल पेटवता?" आणि तिसऱ्या आग्रहाला मोठा सुस्कारा सोडून, जणू कोर्टात गुन्हा कबूल करतोय अशा चेहऱ्याने, "बरं, केलीच असेल तर अर्धा कप." या अर्ध्या कपाचे पुढे तीन-साडेतीन कप होत, सोबत सात प्रकारची बिस्किटं जात, पण त्याला इलाज नव्हता. घरच्या बाईचा मान राखावा लागतो.

गावाची रीतच तशी. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस हावरट आणि एकदाच विचारणारी बाई चिकट, हे ग्रोविकमध्ये पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. ताटलीतला शेवटचा वेलदोड्याचा पाव कुणी उचलत नाही. सगळे त्याच्याकडे बघत वाऱ्यापावसाच्या गप्पा मारतात आणि संध्याकाळी तो कोंबड्यांपुढे जातो. ग्रोविकच्या कोंबड्या गलेलठ्ठ आहेत त्या या सभ्यतेवर.

वालफ्रिडने उभी हयात वाटाड्या म्हणून काढली. बाहेरून येणाऱ्या जहाजावर चढायचं आणि पाण्याखालच्या खडकांमधून ते सुखरूप बंदरात आणायचं, हे त्याचं काम. जहाजाचा कप्तान खाली खोलीत "वाटाडे, एक घोट घेणार का?" असं विचारी. इंग्रज कप्तान एकदाच विचारत, म्हणून वालफ्रिडच्या मते इंग्लंड हा असंस्कृत लोकांचा देश होता. लग्नाचं विचारायला तो गेला तेव्हा हेडविगने दोनदा नाही म्हटलं, याने तिसऱ्यांदा विचारलं, तिने हो म्हटलं. याहून चांगला संसार सुरू होऊच शकत नाही असं दोघांचंही मत होतं, आणि हेडविग जाईपर्यंत तो नीट चाललाही. त्यांना एकच मुलगी, गुनवोर. ती स्टॉकहोमला गेली, शिवणकाम शिकली आणि एका सिनेमा कंपनीत नटनट्यांचे कपडे सांभाळू लागली. गावाने एवढंही पोटात घातलं असतं. पण मग ते धक्क्यावरचं घडलं.

हेडविगला पुरून झालं होतं. गुनवोर परत निघाली होती, आगबोट धक्क्याला लागली होती, बापलेक वाऱ्यात उभे होते. गुनवोर म्हणाली, "बाबांनी ख्रिसमसला स्टॉकहोमला यावं. माझ्याकडे एक खोली रिकामी असते."

वालफ्रिडचं काळीज सुपाएवढं झालं. म्हणून तो लगेच म्हणाला, "नको गं बाई. मी तिथे येऊन काय करू? तुलाच अडचण."

पायपुसण्यावरचं 'नको' होतं ते, शुद्ध, पहिल्या प्रतीचं. आता ती म्हणणार, 'अडचण कसली बाबा,' मग हा म्हणणार, 'तिकिटाला उगीच खर्च,' मग ती म्हणणार, 'ते काही नाही, यायचंच,' आणि हा सुस्कारा सोडून म्हणणार, 'बरं, बघू.' सुस्कारा त्याने छातीत भरूनही ठेवला होता.

गुनवोर म्हणाली, "बरं. जशी इच्छा." आणि बोटीवर चढली.

बोट खडकांच्या पलीकडे दिसेनाशी झाली तरी वालफ्रिड धक्क्यावर तोंड अर्धवट उघडं ठेवून उभा होता. सुस्काऱ्याचं काय करावं हे त्याला कळेना.

त्या दिवसापासून त्याने मुलीचं नाव टाकलं. तिचं ख्रिसमसचं शुभेच्छापत्र आलं; त्यावर मेणबत्त्या होत्या, पण 'या' असं कुठे नव्हतं, तेव्हा उत्तर देण्याचा प्रश्नच आला नाही. मग पत्रंही थांबली. वर्षांमागून वर्षं गेली. गाव ठामपणे वालफ्रिडच्या बाजूने होतं. शेजारची टेक्ला, हेरिंग पकडणाऱ्याची विधवा, जिच्या जिभेने मासे सोलता आले असते, ती तर दर कॉफीला म्हणे, "एकदा! सख्ख्या बापाला एकदा विचारलं! माझ्या कोंबड्यांनासुद्धा मी दोनदा बोलावते."

"जाऊ द्या," वालफ्रिड म्हणे.

"जाऊ कसं द्या? अजून कप?"

"नको, नको."

"घ्या हो!"

असं ते दुःख सुखात चाललं होतं. दुसऱ्यांदा विचारायची पाळी तिची आहे, तिने विचारलं की आपण तिसऱ्याला जाऊ, एवढा साधा हिशेब वालफ्रिडने मनाशी धरला होता. तो वाट बघायला तयार होता. खडकांत राहणाऱ्याला घाई नसते.

आणि एका उन्हाळ्यात सिनेमा कंपनीच गावात आली.

दोन ट्रक, डबेच डबे, तारांची भेंडोळी आणि काळा स्वेटर घातलेला एक दिग्दर्शक, सिक्स्टन रुडेलिउस. हा माणूस भर उन्हात स्वेटर घाली, खडकांकडे बघून डोळे मिटी आणि "इथला एकटेपणा बघा," असं कोळणींना दाखवी. कोळणी मागे वळून बघत. त्यांना कुणी दिसत नसे. टेक्लाने पहिल्याच दिवशी त्याला धक्क्यावर गाठलं.

"कसला सिनेमा काढताय म्हणे?"

"एक बाप आणि त्याची मुलगी. ते एकमेकांशी बोलत नाहीत."

"मग?"

"मग काही नाही. बोलत नाहीत."

"शेवटी कुणी मरतं?"

"तसं कुणी नाही."

"लग्न वगैरे?"

"नाही."

टेक्लाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि हे बघायला लोक तिकीट काढणार? आमच्याकडे या हो, फुकट दाखवते. घरटी एक आहे."

रुडेलिउसने हे वाक्य लगेच कुठेतरी टिपून घेतलं. त्याला सगळंच खोल वाटे.

ट्रकमधून कपड्यांच्या पेट्या उतरवणाऱ्या बाईला गावाने लांबूनच ओळखलं. केस पिकायला लागलेले, पण चाल हेडविगची. गुनवोर. वालफ्रिड आपल्या कुंपणाशी उभा राहून पलीकडच्या समुद्राकडे इतक्या लक्षपूर्वक बघू लागला की जणू तिथे आज नवीन पाणी आलं होतं.

"नमस्कार. बाबांची तब्येत बरी आहे ना?" तिने विचारलं.

"हं," वालफ्रिड समुद्राला म्हणाला.

झालं. बापलेकीचं एवढं बोलणं झालं आणि टेक्लाने पडदा सोडला.

कंपनीला एक जुनं स्वयंपाकघर हवं होतं, समुद्राकडे खिडकी असलेलं. वालफ्रिडचं होतं. रुडेलिउस त्याच्या दारात आला, वाकला आणि म्हणाला, "वाटाडे ब्रॉट आपलं स्वयंपाकघर आम्हाला देतील का?"

वालफ्रिडला केवढा आनंद झाला! "छे छे," तो म्हणाला, "आमच्या स्वयंपाकघरात काय आहे बघण्यासारखं?"

"क्षमा असावी," रुडेलिउस म्हणाला आणि वळून सरळ टेक्लाच्या घराकडे चालू लागला. शहरी माणूस, नको म्हणजे नको असं समजणारा. टेक्लाची खिडकी तर कोंबड्यांच्या खुराड्याकडे होती! तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या गुनवोरने रुडेलिउसची बाही धरली.

"परत जा. अजून विचारा."

"ते नाही म्हणाले."

"अजून दोनदा विचारा. तिसऱ्यांदा हो म्हणतील."

रुडेलिउस परत आला. दोनदा विचारलं. वालफ्रिडने सुस्कारा सोडून स्वयंपाकघर दिलं. पण आत जाऊन खुर्चीवर बसल्यावर त्याच्या असं काही लक्षात आलं की कानशिलं तापली. तिला माहीत आहे! इतकी वर्षं तो मनाची समजूत घालत होता की शहरात राहून पोर रीत विसरली, बिचारी. विसरलीबिसरली काही नाही. परक्या माणसाला शिकवते, 'तिसऱ्यांदा हो म्हणतील.' म्हणजे धक्क्यावर तिने जाणूनबुजून दुसऱ्यांदा विचारलं नाही. म्हणजे त्याने यावं असं तिला वाटतच नव्हतं.

ही गोष्ट टेक्लाला सांगण्यासारखी नव्हती. त्या दिवशी तो कॉफीला गेला नाही.

मग स्वयंपाकघरात दिवे आले, तारा आल्या, घरचं टेबल बाहेर गेलं आणि कंपनीचं, अगदी तसंच, आत आलं. बापाचं काम करायला राजधानीतला एक नावाजलेला म्हातारा नट आला होता. त्याला खऱ्याची पारख होती म्हणून त्याने वालफ्रिडचा वाटाड्याचा जुना कोट मागितला. तो मागायला गुनवोर आली. वालफ्रिडने कोट खुंटीवरून काढून दिला. तिने एक बटण सैल आहे का ते चाचपलं आणि तिथेच पायरीवर बसून पक्कं करून टाकलं. दात लावून दोरा तोडायची लकब हेडविगचीच होती. वालफ्रिड बघत राहिला. बोलायचं त्याच्या अगदी ओठाशी आलं होतं, पण पाळी त्याची नव्हती.

रुडेलिउस वालफ्रिडच्या गप्प बसण्यावर लुब्ध झाला. "असं मौन स्टॉकहोममध्ये मिळत नाही," तो म्हणे. म्हाताऱ्या नटाला तो वालफ्रिडसमोर बसवून म्हणे, "बघा, कसं बघतात ते. कसा आवंढा गिळतात ते." नट बघे आणि गिळे. वालफ्रिडला आधी संकोच वाटला, मग थोडा अभिमान वाटला आणि मग नट आपल्यापेक्षा चांगला गिळतो असं गाव म्हणू लागलं तेव्हा राग आला.

शेवटच्या दिवशी स्वयंपाकघरातला मुख्य प्रसंग होता. घरमालक म्हणून वालफ्रिडला दिव्यांच्या मागे एका पेटीवर बसायला दिलं होतं. हलायचं नाही, खोकायचं नाही. पलीकडे भिंतीशी गुनवोर सुया टोचलेली उशी मनगटाला बांधून उभी. मध्ये उजेडात टेबल, टेबलापाशी वालफ्रिडचा कोट घातलेला म्हातारा आणि हातमोजे घालून निघायच्या बेतात असलेली तरुण नटी.

"चला," रुडेलिउस कुजबुजला.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग नटी म्हणाली, "बाबांनी ख्रिसमसला यावं. एक खोली रिकामी असते."

वालफ्रिड पेटीवर ताठ झाला. धक्क्यावरचेच शब्द, आणि ते या स्वेटरवाल्याला गुनवोरशिवाय कोण सांगणार?

"नको," म्हातारा नट म्हणाला. "तुलाच अडचण."

नटीने त्याच्याकडे पाहिलं. मान हलवली. मग अगदी सावकाश, एकेक बोट करत, हातमोजा ओढून नीट केला आणि दाराकडे वळली. म्हाताऱ्याने आवंढा गिळला. कॅमेरा घरघरत होता. स्टॉकहोमहून आलेली सगळी मंडळी श्वास रोखून ते दुःख बघत होती, आणि त्यांच्यापैकी एकालाही दिसत नव्हतं की हे दुःख नाहीच मुळी, हा शुद्ध वेंधळेपणा आहे.

"अगं विचार ना पुन्हा!" वालफ्रिड ओरडला. पेटी मागे कोसळली. "एकदाच विचारतात का कधी? तो येणार आहे! दिसत नाही का तुला, तो येणार आहे!"

सगळं थांबलं. कुणीतरी खुदकन हसलं. रुडेलिउसने डोळे मिटले, उघडले आणि तो फार हळू आवाजात म्हणाला, "वाटाडे ब्रॉट. ते नको म्हणाले आहेत."

"पहिलं नको म्हणाले! पहिलं नको हे काय नको असतं होय?"

"बरं. तिने पुन्हा विचारलं, तर ते काय म्हणतील?"

"पुन्हा नको म्हणतील."

"आणि मग?"

"मग तिसऱ्यांदा विचारायचं. मग जातील!"

रुडेलिउसने थोडा विचार केला. "मग माझा सिनेमा दहाव्या मिनिटाला संपेल," तो म्हणाला. "यांना जरा बाहेर न्या."

बाहेर न्यायला गुनवोर आली. होडीच्या शेडपाशी वारा पडला होता. पलीकडे कुंपणामागे टेक्ला चादरी वाळत घालत होती. एकच चादर ती मघापासून घालत होती.

"तुम्ही येणार होतात?" गुनवोरने विचारलं.

वालफ्रिड बुटांकडे बघत म्हणाला, "लग्नातला सूट ब्रश करून ठेवला होता."

"मग हो म्हणायचं होतं."

"पहिल्याच फटक्यात? लोक काय म्हणाले असते?"

"कुठले लोक, बाबा? धक्क्यावर तुम्ही होतात आणि मी होते. आईला पुरून आलो होतो आपण."

"तुला रीत माहीत होती. त्या स्वेटरवाल्याला शिकवलीस ती. मग मला का नाही विचारलंस दुसऱ्यांदा? तुला मी नकोच होतो."

गुनवोरने सुयांची उशी मनगटावरून सोडली आणि मुठीत धरली. "आग्रह परक्याला करतात. माझा भरतकामाचा पहिला, चोळामोळा झालेला रुमाल तुम्हाला दिला तेव्हा म्हणालात, 'असू दे, तुझ्याकडेच ठेव.' मी अजून दोनदा दिला, तेव्हा घेतलात. शाळेच्या नाटकाला या म्हटलं, तीनदा म्हटलं, तेव्हा आलात. प्रत्येक वेळी बापाच्या दारात मी पाहुणीसारखी टोपी हातात घेऊन. त्या दिवशी वाटलं, आई गेली, आता दोघंच उरलो, आता तरी एकदा सरळ हो म्हणतील. म्हणाला नाहीत. मला वाटलं, खरंच नको असेल."

तिने नाटकाला तीनदा बोलावलं हे वालफ्रिडला आठवत होतं. आपण किती सुंदर नकार दिले तेही आठवत होतं. त्यात काही चुकलं असेल ही कल्पना त्याच्या डोक्यात आजवर कधी शिरली नव्हती.

"आमचे ट्रक आत्ता निघतील," गुनवोर म्हणाली. "मी विचारते. एकदाच विचारणार आहे, बाबा. कुंपणापलीकडच्या टेक्लाकाकूंना ऐकू जाऊ दे हवं तर. यंदा ख्रिसमसला माझ्याकडे या."

वालफ्रिडचं तोंड सवयीने उघडलं. उभ्या जन्माची सवय ती. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. कुंपणापलीकडे चादर हलायची थांबली. गुनवोर त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू मिटत चालला होता, धक्क्यावर मिटला होता तसाच, आणि तेव्हा तो वाऱ्यामुळे तसा दिसतोय असं त्याला वाटलं होतं.

"येतो," वालफ्रिड म्हणाला.

आवाज असा फुटला की त्याला स्वतःलाच लाज वाटली. काहीतरी बोलून ते झाकावं म्हणून तो घाईने पुढे म्हणाला, "लवकर येतो. आठवडाभर आधी."

गुनवोर हसली की रडली हे टेक्लाला चादरीमुळे नीट दिसलं नाही. ती हळहळ तिला पुढे फार दिवस पुरली. पण ऐकलं तिने सगळं. ट्रक गावाबाहेर पडायच्या आत बातमी खाणीपर्यंत पोहोचली होती.

"एका हाकेत!" टेक्ला ज्याला त्याला सांगत होती. "मी माझ्या कानांनी ऐकलं. भिकारीसुद्धा एवढ्या घाईने हात पुढे करत नाही. आणि वर आठवडाभर आधी!"

तो सगळा शरद ऋतू वालफ्रिडला जड गेला. कॉफीला गेला की बायका त्याला मुद्दाम एकदाच विचारत आणि खोडसाळ नजरेने थांबत. हा 'नको' म्हणे, आणि किटली पुढे निघून जाई. लेकीने एकदाच विचारलं म्हणून इतकी वर्षं जे गाव तिला शिव्या देत होतं, तेच गाव आता एकदाच विचारत होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. डिसेंबरात तो लग्नातला सूट घालून आगबोटीत बसला तेव्हा निरोपाला कुणी आलं नाही.

स्टॉकहोमला पहिल्या सकाळी गुनवोरने विचारलं, "कॉफी?" आणि हा म्हणाला, "नको." तिने किटली खाली ठेवली आणि आपला कप पिऊन कामावर गेली. वालफ्रिड दुपारपर्यंत खिडकीत बसून खालच्या ट्रामगाड्यांवर चिडत राहिला. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा 'दे' हा शब्द त्याच्या तोंडून पूर्ण बाहेर पडायच्या आत त्याने कप पुढे केला होता. गुनवोर ओतत राहिली.

पुढल्या हिवाळ्यात रुडेलिउसचा सिनेमा आला. राजधानीतल्या वर्तमानपत्रांनी त्या मौनावर पानंच्या पानं बोलून घेतलं. जवळच्या गावातल्या थिएटरात तो लागला तेव्हा ग्रोविक झाडून बघायला गेलं. वालफ्रिडचं स्वयंपाकघर पडद्यावर केवढं मोठं दिसलं! नटीने एकदा विचारलं, म्हातारा 'नको' म्हणाला, ती गेली आणि मग तो समुद्राकडे बघत बसला, बसला, बसला, दिवे लागेपर्यंत.

टेक्लाचा रुमाल भिजून गेला होता. "याला म्हणतात वळण," ती बाहेर पडताना म्हणाली. "मरेल, पण तोंडाने मागायचा नाही. नाहीतर आमचा तो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. 'आमचा तो' त्या वेळी गावात नव्हता. पुन्हा स्टॉकहोमला गेला होता. आणि या खेपेला तर गुनवोरने विचारलंसुद्धा नव्हतं. यानेच आपणहून कळवलं होतं, येतोय म्हणून.